वाचनयंत्र आणि छापील पुस्तक : एका बडोदेकर वाचकाची बाजू



कार्यवाहांनी मला विषय दिला तो ‘ई-बुक की पुस्तक?’ असा. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेत असे विषय असतात. एक बाजू कागदाचा वास सांगते, दुसरी झाडांची कत्तल सांगते, आणि परीक्षक दोघांनाही करंडक देतात. मला त्यात पडायचे नाही. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे. गेली आठ वर्षे उशाशी एक वाचनयंत्र आणि शेजारी पुस्तकांचा ढीग अशी माझी रात्र असते. तेव्हा दोन्हींच्या जमाखर्चाबद्दल मला बोलता येईल, तेवढेच बोलते.

आणि आजच बोलायला एक निमित्तही आहे. ग्रंथालय समितीपुढे एक सूचना आलेली आहे, ती बहुतेकांच्या कानावर असेलच. नवी छापील पुस्तके घेणे थांबवावे, त्या पैशांतून वाचनयंत्रे घेऊन सभासदांना आळीपाळीने द्यावीत, आणि मागच्या खोलीतली जुनी कपाटे रिकामी करावीत, अशी ती सूचना आहे. ती तरुण सभासदांनी केली आहे आणि कळकळीने केली आहे. मागच्या खोलीत गेल्या पावसाळ्यात कोण कितीदा गेले होते, हे आपण आपल्या मनाशी विचारले तर त्यांच्यावर रागावण्याचा अधिकार आपल्याला फारसा राहत नाही. तरी या सूचनेचा निम्मा भाग मला पटतो आणि निम्मा पटत नाही. तो का, हे सांगण्यासाठी मी उभी आहे.

आधी एक जुनी गोष्ट. छापील पुस्तक ही आपल्याला आता सनातन वस्तू वाटते. पण तीही कधीतरी नवी आणि संशयास्पद होती. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापले, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून छापलेल्या कागदाला हात लावायला सोवळी माणसे कचरत होती. धर्मग्रंथांच्या शाईत त्यांनी साजूक तूप वापरले, असे सांगतात. पोथीची सुटी आडवी पाने जाऊन डावीकडे शिवलेले उभे पुस्तक आले, तेव्हाही कुणीतरी म्हणाले असेलच, की याला रुमालात कसे बांधायचे? तेव्हा यंत्रावर वाचणे म्हणजे वाचनच नव्हे, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्या पणजोबांशीही कुणी घातला नसेल.

आता वाचनयंत्र म्हणजे काय, ते एकदा नीट सांगते, कारण आपल्याकडे मोबाइल, टॅब आणि वाचनयंत्र या तिन्हींना एकाच मापाने मोजतात. मोबाइलचा पडदा दिव्यासारखा आपल्या डोळ्यांत उजेड टाकतो. किंडलसारख्या यंत्राचा पडदा तसा नसतो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक बारीक कुप्या असतात आणि त्यांत काळे व पांढरे कण तरंगत असतात. काळ्यांवर एक विद्युत्भार, पांढऱ्यांवर उलटा. खालून वीज दिली की जिथे अक्षर हवे तिथे काळे कण वर येतात, बाकीच्या जागी पांढरे. एकदा अक्षर उमटले की ते तसेच राहते. वीज लागते ती पान बदलताना. म्हणून बॅटरी दिवसांवर नव्हे, आठवड्यांवर चालते, आणि म्हणून उन्हात ओट्यावर बसूनही वाचता येते. ‘ई इंक’ नावाची ही विद्या अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेतून निघाली आणि १९९७ मध्ये तिची कंपनी झाली. ज्यांनी फक्त मोबाइलवर चार पाने वाचून ‘डोळे दुखतात बुवा’ म्हणून सोडून दिले, त्यांनी एकदा हे यंत्र हातात धरावे. माझी एवढी विनंती आहे.

वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. सहाशे-सातशे पानांची कादंबरी निजून वाचताना छातीवर आपटते, ती यात आपटत नाही. आणि अक्षर हवे तेवढे मोठे होते. आमच्या सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तरी बारीक टाइप दिसेनासा झाला होता. मोठ्या अक्षरांत छापलेली मराठी पुस्तके म्हणजे हरिपाठ, स्तोत्रे आणि फार तर ज्ञानेश्वरी. कादंबऱ्या मोठ्या टाइपात कोण छापतो? नव्वदीच्या पुढे त्यांनी यंत्रावर, पानाला जेमतेम आठ ओळी अशा अक्षरात, वर्षाला वीस-बावीस कादंबऱ्या वाचल्या. या एका गोष्टीसाठी मी त्या यंत्राला दहा गुन्हे माफ करते.

दुसरी गोष्ट आपल्या भौगोलिक परिस्थितीची. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात राहणाऱ्याला यंत्र म्हणजे चैन वाटेल. आपल्याला मराठी पुस्तक कसे मिळते? रावपुऱ्यात, दांडिया बजारात दहा माणसांत चार मराठी निघतील. पण नवे मराठी पुस्तक मागायला जावे असे दुकान? त्यापेक्षा पुण्याला लग्नाला जाणारा नातेवाईक सापडणे सोपे. तो बिचारा यादी घेऊन जातो आणि येताना बाकरवडी आणतो, पुस्तके राहून जातात. आता टपालाने, कुरिअरने पुस्तके येतात हे खरे. तरी लहान प्रकाशकाचे शंभर रुपयांचे पुस्तक मागवले की त्यावरचा खर्च पुस्तकाच्या बरोबरीने बसतो. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे आली. हिंदी, गुजराती, तामिळ, मल्याळम यांच्याबरोबर मराठीही पहिल्या पाचांत होती. त्याआधीपासून बुकगंगेसारखी पुण्याची मंडळी मराठी ई-पुस्तके विकत होतीच, आणि ई साहित्य प्रतिष्ठान तर फुकट वाटत होते. म्हणजे आज वर्तमानपत्रात परीक्षण वाचले आणि पुस्तक ई-रूपात असले, तर ते रात्री जेवणाच्या आत माझ्या हातात असते. पिढ्यानपिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घराला हा फरक केवढा आहे, हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगून कळायचे नाही.

इथपर्यंत सूचना करणाऱ्यांना वाटत असेल की मावशी आपल्या बाजूच्या. थांबा.

सासूबाईंचीच एक तक्रार होती. त्या म्हणायच्या, “उरलं किती, ते बोटाला कळत नाही.” यंत्र खाली टक्के दाखवते, पण टक्के म्हणजे डाव्या हातातली जाडी नव्हे. मला वाटायचे ही सवयीची गोष्ट. नंतर कळले की नॉर्वेच्या स्टॅव्हँगर विद्यापीठातल्या ॲन मँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले आहे. पन्नास जणांना एक अठ्ठावीस पानी रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोष्ट कळण्यात, पात्रे लक्षात राहण्यात दोन्ही गट जवळपास सारखे. पण कुठली घटना आधी, कुठली नंतर, आणि ती पुस्तकात कुठे होती, हे सांगताना छापील वाचणारे सरस ठरले. त्याच्या आदल्या वर्षी ५४ वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्र मांडणी झाली होती, एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांची. तिच्यात असे दिसले की माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो. कथाकादंबरीत असा फरक आढळला नाही. त्या अभ्यासांत संगणकाचे पडदेही धरलेले होते, त्यामुळे सगळा दोष वाचनयंत्रावर टाकणे बरोबर नाही. पण माझा अनुभव याच्याशी जुळतो. कादंबरी, प्रवासवर्णन, विनोदी लेखन मी यंत्रावर सुखाने वाचते. इतिहास, समीक्षा, चरित्र, म्हणजे जिथे मागे जाऊन ‘हे कुठे म्हटले होते?’ असे शोधावे लागते, तिथे मला कागद लागतो आणि समासात पेन्सिल लागते. दिवाळी अंक तर यंत्रावर वाचूच नयेत. ‘मनोरंजन’च्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून तो चाळण्याचा प्रकार आहे. चित्रे, व्यंगचित्रे, मधली राशिभविष्ये, सोनाराच्या जाहिराती हे सगळे सहा इंची काळ्यापांढऱ्या पडद्यावर म्हणजे जिलबीचा पाक काढून चोथा खाणे.

आता एक अडचण, जी इंग्रजी वाचणाऱ्याला येत नाही. आपल्या लिपीची. वर्षानुवर्षे मराठी पुस्तके संगणकावर जुळवली गेली ती युनिकोडपूर्व फाँटांत. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरी अक्षरे बसवलेली असत. त्या फाइली आज दुसऱ्या यंत्रावर उघडल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची भेळ दिसते. त्या फाइलींवरून ई-पुस्तक करायचे तर मजकुराचे रूपांतर करावे लागते, आणि रूपांतरात अक्षरे सांडतात. सर्वांत आधी सांडतो आपला अर्धा ‘ऱ’. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे, पण पुष्कळ ई-पुस्तकांत दोघेही एकाच पंगतीला बसलेले असतात. हिंदीला या अक्षराची गरज नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या फाँटांत त्याच्याकडे लक्ष दिलेले नसते. आपला गाठीचा ‘श’ आणि पाकळ्यांचा ‘ल’ हेही तसेच. पडद्यावर ते बहुधा हिंदी वळणाने येतात. आमच्या नातवाला ते खटकत नाही, कारण तो देवनागरी शाळेत हिंदीच्या तासाला शिकला. मला खटकते. पण ते वळण सहन करता येईल. अक्षरच चुकले तर शब्द शोधूनही सापडत नाही. आणि शोध ही तर यंत्राची सर्वांत मोठी शेखी.

याशिवाय पीडीएफ नावाचे प्रकरण. जुन्या मराठी पुस्तकांची हजारो पाने आज इंटरनेटवर आहेत ती बहुतेक पानांचे फोटो म्हणून. ते मोठे केले तर ओळ पडद्याबाहेर जाते, लहान केले तर मुंगी होते. असे पुस्तक मिळाले याचा आनंद होतो. वाचायला मात्र टॅब किंवा संगणकच हवा. सूचना करणाऱ्यांनी ‘सगळे ऑनलाइन मिळते’ असे म्हटले आहे, त्यातले निम्मे ‘सगळे’ हे या जातीचे आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. छापील पुस्तक आपण विकत घेतो, तेव्हा ते आपले होते. वाचता येते, देता येते, हरवता येते, मुलीच्या रुखवतात ठेवता येते. ई-पुस्तकाच्या बाबतीत आपण ‘विकत घ्या’ हे बटण दाबतो खरे, पण कंपनीच्या अटी वाचल्या तर आपल्याला मिळतो तो वाचण्याचा परवाना. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून एक पुस्तक परस्पर काढून घेतले. ज्याने ते विकायला ठेवले त्याच्याकडे हक्क नव्हते, असे कारण होते; पैसेही परत दिले. पण पुस्तक कोणते, तर जॉर्ज ऑर्वेलचे ‘१९८४’. कादंबरीतही सरकारला नको असलेले कागद भट्टीत टाकतात. कंपनीच्या प्रमुखांनी नंतर जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले आणि विकलेली सगळी पुस्तके एका तारखेनंतर उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, टिपणे काढलेली पुस्तके गेली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत किंडलवरची, घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय काढून टाकण्यात आली. एकट्या वाचकाने हे माहीत असून पत्करावे. मी पत्करले आहे. पण मंडळाचे ग्रंथालय एकट्या वाचकाचे नाही. आज पाच यंत्रे घेतली, त्यांत एका खात्यावर दोनशे पुस्तके घेतली, तर ते खाते कुणाच्या नावावर? कार्यवाह दर तीन वर्षांनी बदलतात. पासवर्ड ज्या वहीत लिहिला ती वही कुठे? आणि असे एका खात्यावरचे पुस्तक सभासदांना फिरवायला देणे कंपनीच्या अटींत बसते का, हे समितीने वकिलाला विचारलेले नाही. मी बँकेत होते, म्हणून मला असले प्रश्न आधी सुचतात, त्याला इलाज नाही.

बडोद्याच्या माणसाने पुस्तक फिरवण्याच्या बाबतीत तरी ढिलाई करू नये. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. मग प्रश्न आला, की शिकलेला शेतकरी पुढे वाचणार काय? १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावले. तो तीन वर्षे इथे राहिला. महाराजांनी राजवाड्यातला आपला खासगी ग्रंथसंग्रह सार्वजनिक ग्रंथालयाला दिला. खेड्यांसाठी फिरती ग्रंथालये निघाली. लाकडी पेट्या, आत पुस्तके, वाहतुकीचा खर्च सरकारचा. ग्रंथपालांचे प्रशिक्षण इथे सुरू झाले, आणि ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे त्रैमासिक इथून निघत होते, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत ज्यांनी पाऊल ठेवले आहे, त्यांनी पोलादी कपाटांमधल्या मजल्यांची काचेची जमीन पाहिली असेल. खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून ती काचेची केली. त्या पेटीत आणि वाचनयंत्रात मला फार नाते दिसते. दोन्हींचा हेतू दूरच्या माणसाकडे पुस्तक पोचवण्याचा. फरक एवढाच, की पेटीची किल्ली बडोद्यात होती.

पण छापील पुस्तकाची आरती करणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावते. कागद अमर नसतो. विसाव्या शतकातली आपली बहुतेक स्वस्त मराठी पुस्तके लाकडाच्या लगद्याच्या, आम्लयुक्त कागदावर आहेत. ती आधी पिवळी, मग तपकिरी होतात आणि शेवटी पान दुमडले की तुटते. साठ वर्षांपूर्वीची कादंबरी उघडली की मांडीवर भुसा पडतो, तो वाळवीचा नेहमीच नसतो, कागदाचाच असतो. पावसाळा, कसर हे वेगळेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घरांत शिरली, तेव्हा किती घरांतली खालच्या फळीवरची पुस्तके गेली, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. जड म्हणून जाडजूड ग्रंथ आपण खालच्या फळीवर ठेवतो. म्हणजे कोश, चरित्रे, ज्ञानेश्वरी आधी भिजली आणि वरची पॉकेटबुके वाचली.

याहून मोठे उदाहरण गोव्याचे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली तिथेच रायतूरला रोमन लिपीत छापले गेले, पुढे त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो भाविकांनी हाताने उतरवलेल्या पोथ्यांमुळे. ज्यांनी उतरवून घेतले त्यांनी तो राखला. मला वाटते, आपल्या चर्चेत ही गोष्ट ई-बुक आणि पुस्तक या भांडणापेक्षा महत्त्वाची आहे.

आणि पुराहून, वाळवीहून मोठा शत्रू म्हणजे आपण. आजोबा जातात. मुलगा कॅनडात, मुलगी अहमदाबादला, नातवंडे मराठी बोलतात पण सलग दोनशे पाने वाचत नाहीत. फ्लॅट विकायचा असतो. मग चाळीस वर्षे जमवलेली पुस्तके आधी मंडळाकडे येतात, मंडळाकडे जागा नसते, आणि शेवटी पस्तीवाल्याकडे किलोवर जातात. मी स्वतः पस्तीवाल्याच्या तराजूतून तीन पुस्तके उचलून आणली आहेत. त्यांतल्या एकावर १९३८ सालची मालकाची सही आणि ‘बडोदे’ असे सुंदर अक्षरात लिहिलेले आहे. त्या घराला आपण दोष द्यायचा तर आपापल्या घरी काय ठरले आहे ते आधी पाहावे. मृत्युपत्रात दागिने लिहितो, पुस्तके कुणी लिहीत नाही.

तेव्हा समितीला माझे म्हणणे असे. यंत्रे घ्यावीत, पण दोनच, आणि ती ज्यांना छापील अक्षर वाचवत नाही अशा वृद्ध सभासदांसाठी राखून ठेवावीत. नवी छापील पुस्तके घेणे थांबवू नये, कमी करावे. जी कादंबरी तीस जण एकदाच वाचणार, ती ज्याची त्याने यंत्रावर घ्यावी; मंडळाने चरित्रे, संदर्भग्रंथ आणि दिवाळी अंक घ्यावेत. मागच्या खोलीतली कपाटे मात्र एकदम रिकामी करायची नाहीत. त्यातली जी पुस्तके पुण्या-मुंबईच्या ग्रंथसंग्रहालयांत असतील आणि आज छापील मिळतात, ती खुशाल जाऊ द्यात. जी बडोद्यात छापलेली आहेत, श्रीसयाजीसाहित्यमालेतली आहेत, किंवा बडोदेकरांनी लिहिलेली आहेत, ती आपण राखली नाहीत तर दुसरे कोण राखणार? कोल्हापूरचा माणूस येऊन राखणार नाही.

आणि एक काम असे आहे, की ज्यात यंत्रवाले आणि पुस्तकवाले दोघेही लागतील. चिंतामण विनायक जोशी, म्हणजे चिमणरावांचे जनक चिं. वि., हे आपले. बडोदा कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते, पुढे इथल्या दप्तरखान्याचे प्रमुख. ते १९६३ मध्ये गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात, आणि ती साठ वर्षे पुढच्या जानेवारीपासून मोजतात. पूर्वी ती पन्नास होती. रवींद्रनाथांचे हक्क संपायला आले तेव्हा १९९२ मध्ये साठ केली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांना खुली झाली. त्याच हिशेबाने चिं. विं.नी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०२४ पासून खुले झाले आहे. ते कुणीही छापावे, यंत्रावर चढवावे, फुकट वाटावे. खांडेकरांसाठी २०३७ पर्यंत आणि फडक्यांसाठी २०३९ पर्यंत थांबावे लागेल. मधल्या काळातल्या कितीतरी लेखकांची पुस्तके दुकानातही नाहीत आणि खुलीही नाहीत, अशी अधांतरी लोंबकळत आहेत. चिं. वि. त्यातून सुटले.

मग बडोद्याने त्यांची शुद्ध ई-आवृत्ती का करू नये? ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’. नावे नीट ऐका. दोन्हींत तोच आपला अर्धा ‘ऱ’. यंत्रावर ‘गुर्हाळ’ आणि ‘चर्हाट’ झाले तर चिमणरावांनी त्यावरही एक प्रकरण लिहिले असते. स्कॅनवरून अक्षरे ओळखणारी साधने आता देवनागरीला बरी चालतात, पण ‘घ’चा ‘ध’ आणि ‘म’चा ‘भ’ करतात, आणि अनुस्वार गिळतात. शिवाय ही पुस्तके १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची. जुन्या आवृत्तीत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असणार. ते ठेवायचे की काढायचे, हे आधी ठरवावे लागेल. माझे मत ठेवावेत, नातवंडांनाही कळू दे आजोबा कसे लिहीत होते. पण याला विरोध होईल हे मी धरून चालले आहे. तरुणांनी स्कॅन करावे आणि फाइल बांधावी. मुद्रितशोधन निवृत्तांनी करावे. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे. छापखान्यांत पूर्वी असेच चालायचे. तयार फाइलीच्या चार प्रती चार वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, एक छापून बांधून कपाटात.

दोन सावधगिऱ्या. घेताना जुनी आवृत्ती घ्यायची. अलीकडच्या आवृत्त्यांतल्या प्रस्तावना आणि टिपा दुसऱ्यांच्या आहेत. लेखकाच्या निधनानंतर प्रथमच प्रसिद्ध झालेले काही असले तर त्याची साठ वर्षे वेगळी मोजायची. चित्रे दुसऱ्या कलावंताची असतील तर त्यांचा हिशेबही वेगळा. यासाठी एखाद्या जाणकार वकिलाला आधीच दाखवून घ्यावे.

ज्यांच्या घरी चिं. विं.च्या १९६३ पूर्वीच्या आवृत्त्या आहेत, त्यांनी या महिन्यात ग्रंथपालांकडे नुसते नाव नोंदवावे. पुस्तक इतक्यात आणू नये. स्कॅनसाठी ते उघडताना शिवण उसवायची नाही, पुस्तक पाळण्यात ठेवल्यासारखे अर्धेच उघडायचे आणि वरून फोटो घ्यायचा, हे मी मुलांना सांगून ठेवले आहे. पाने तुटत असतील तर ते आणणाऱ्याने आधी सांगावे. पहिली पन्नास पाने वाचून तपासायला मी तयार आहे. मला समोर मोठ्याने वाचणारा एक जण हवा आहे. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चारनंतर.